बल्गेरियन भाषेचा विद्यापीठीय अभ्यास : मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून एक विवेचन

प्रस्तावना :

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात वसलेले हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी सर्वपरिचित आहे. येथे घडविलेले पैंजण व अन्य दागिने परप्रांतांतील बाजारपेठांत जातात आणि त्यांच्याबरोबर येथील माणसेही जातात. घरी मराठी, सीमेलगतच्या गावांशी व्यवहार करताना कानडी आणि परप्रांतीय व्यापाऱ्याशी बोलताना हिंदी अशी भाषांची अदलाबदल येथील माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. अशा परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यासमोर परकीय भाषेचा विषय निघाला, की त्याची कल्पना बहुधा इंग्रजीपाशी थांबते. फार तर जर्मन, फ्रेंच किंवा जपानी ही नावे पुढे येतात. युरोपातील लहान भाषा आपल्या विचारकक्षेत क्वचितच येतात आणि आल्या तरी त्या इंग्रजीच्या द्वारेच शिकावयाच्या असतात, असे गृहीत धरले जाते.

प्रस्तुत लेखात बल्गेरियन या भाषेच्या विद्यापीठीय अभ्यासाचा विचार मराठी विद्यार्थ्याच्या भूमिकेतून केलेला आहे. मराठी मातृभाषा असणे ही या अभ्यासातील उणीव नसून अनेक ठिकाणी ते भांडवल ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. बल्गेरियन भाषेचा व तिच्या इतिहासाचा थोडक्यात परिचय करून देणे.
२. मराठी व बल्गेरियन यांतील साम्यस्थळे व भेद उदाहरणांसह स्पष्ट करणे.
३. भारतात व बल्गेरियात या भाषेच्या अध्ययनाचे मार्ग कोणते, हे सांगणे.
४. या अभ्यासाची उपयुक्तता व मर्यादा यांचा तटस्थपणे विचार करणे.

बल्गेरियन भाषेची ओळख :

बल्गेरियन ही भारत-युरोपीय भाषाकुलातील स्लाव्ह शाखेच्या दक्षिण गटातील भाषा होय. बल्गेरियाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ६५ लाख आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांच्या वर होती, हे लक्षात घेतले असता हा देश किती लहान आहे याची कल्पना येते. तथापि १ जानेवारी २००७ रोजी बल्गेरिया युरोपीय संघाचा सदस्य झाला आणि त्याची भाषा संघाच्या अधिकृत भाषांत समाविष्ट झाली. त्याबरोबर लॅटिन व ग्रीक यांच्यानंतर सिरिलिक ही संघाची तिसरी अधिकृत लिपी ठरली. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाने युरो हे चलनही स्वीकारले आहे.

सिरिलिक लिपी म्हणजे रशियन लिपी, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. नवव्या शतकात सिरिल व मेथोडियस या बंधूंनी स्लाव्ह भाषेसाठी ग्लागोलितिक ही लिपी तयार केली. त्यांच्या शिष्यांना बल्गेरियन राज्यात आश्रय मिळाला आणि प्रेस्लाव्ह व ओहरिड येथे ग्रंथनिर्मितीची केंद्रे उभी राहिली. सिरिलिक लिपी याच परंपरेत आकारास आली व पुढे रशियापर्यंत पोहोचली. म्हणूनच २४ मे हा दिवस बल्गेरियात शिक्षण, संस्कृती व स्लाव्ह साहित्य यांचा राष्ट्रीय सण म्हणून साजरा होतो. आजच्या बल्गेरियन वर्णमालेत ३० अक्षरे आहेत.

दोन भाषांचा समांतर प्रवास :

मराठी आणि बल्गेरियन यांचा प्रत्यक्ष संबंध अल्प असला तरी आधुनिक काळातील त्यांच्या वाटचालीत विलक्षण समांतरता आढळते. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १८७८ पर्यंत बल्गेरिया उस्मानी तुर्की सत्तेखाली होता. या काळात तुर्कीच्या वाटेने अरबी-फारसी शब्द बल्गेरियनमध्ये शिरले. दख्खनच्या दरबारी व्यवहारातून तेच शब्द मराठीतही आले. परिणामी 'पाझार' म्हणजे बाजार, 'द्युक्यान' म्हणजे दुकान, 'हाबेर' म्हणजे खबर आणि 'हामालिन' म्हणजे हमाल, हे बल्गेरियन शब्द मराठी विद्यार्थ्याला अर्थ सांगण्यापूर्वीच कळतात. 'चेश्मा' हा शब्द मात्र फसवा आहे. बल्गेरियनमध्ये त्याचा अर्थ पाणी पिण्याचे कारंजे किंवा नळ असा होतो. फारसीतील डोळा व झरा या अर्थांच्या शब्दांतून मराठीने चष्मा घेतला, तर बल्गेरियनने पाणवठा घेतला.

परकीय शब्दांविषयीची प्रतिक्रियाही दोन्ही भाषांत सारखीच उमटली. शिवकाळात रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला व फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. बल्गेरियात एकोणिसाव्या शतकात इव्हान बोगोरोव्ह यांच्यासारख्या भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी परकीय शब्दांविरुद्ध लेखणी उचलली. हुपरीच्या वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण येथे देता येईल. सराफ किंवा सोनार या अर्थी बल्गेरियनमध्ये तुर्कीतून आलेला 'कुयुम्जिया' हा शब्द होता व तो आडनावांतून आजही टिकून आहे. त्याच अर्थी सोने या अर्थाच्या 'झ्लातो' या स्लाव्ह शब्दापासून बनलेला 'झ्लातार' हा शब्द प्रमाण भाषेत रूढ आहे.

व्याकरणलेखनाच्या तारखा तर शेजारी शेजारी येतात. पेतर बेरोन यांचे बल्गेरियन बालबोध पुस्तक १८२४ मध्ये आणि नेओफित रिल्स्की यांचे व्याकरण १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये, तर दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले. 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले, तर 'ल्युबोस्लोव्हिये' हे बल्गेरियन नियतकालिक १८४४ मध्ये. १९४५ च्या लेखनसुधारणेत बल्गेरियनमधील शब्दान्तीचे अनुच्चारित अक्षर काढून टाकण्यात आले. मराठीत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. प्रमाणभाषा घडविण्याचे प्रश्न दोन दूरच्या समाजांना थोड्याफार अंतराने एकाच स्वरूपात पडले होते, असे यावरून दिसून येते.

मराठी भाषकाला अनुकूल घटक :

१. उच्चार : बल्गेरियनमध्ये 'त्स' व तालव्य 'च' या दोन ध्वनींसाठी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. मराठीत हे दोन्ही ध्वनी आहेत, अक्षर मात्र एकच आहे. 'चांदी' व 'चिमटा' हे शब्द उच्चारून पाहिले असता हा भेद ध्यानात येतो. बल्गेरियनमधील ज्या स्वरासाठी परदेशी विद्यार्थ्यांना सराव करावा लागतो, तो मराठीतील 'अ'च्या अतिशय जवळचा आहे.

२. लिंगव्यवस्था : बल्गेरियनमध्ये पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे असून विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजी भाषकाला ही कल्पनाच नवी असते. हिंदी भाषकाला तिसरे लिंग नवे असते. मराठी भाषकाला यांपैकी काहीच नवे नाही. शिवाय व्यंजनान्त नाम बहुधा पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी आणि ओकारान्त किंवा एकारान्त नपुंसकलिंगी, हा नियम मराठीपेक्षा पुष्कळच सुलभ आहे.

३. शब्दसंपत्ती : संस्कृतशी असलेले मूळचे नाते संख्यावाचकांत व नातेवाचकांत स्पष्ट दिसते. 'द्वे, त्री, चेतिरि, पेत, शेस्त, सेदेम, ओसेम, देवेत, देसेत' ही दोन ते दहा या संख्यांची मालिका आहे. 'ओगन' म्हणजे अग्नी, 'मेद' म्हणजे मध. 'स्नाहा' म्हणजे सून. संस्कृत स्नुषेतून मराठी सून आली, हे ज्ञात असल्यास नाते लगेच उलगडते. 'देवेर' म्हणजे दीर, 'स्वेकर' म्हणजे सासरा, 'स्वेकर्वा' म्हणजे सासू. इंग्रजीत या सर्व नात्यांना जोडशब्दांनी भागवावे लागते. बल्गेरियन व मराठी या दोन्ही भाषांनी मात्र त्यांची स्वतंत्र नावे जपलेली आहेत.

याच क्षेत्रात सावधगिरीचीही गरज आहे. बल्गेरियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी, 'काका' म्हणजे थोरली बहीण आणि 'मामा' म्हणजे आई. नवशिक्या मराठी विद्यार्थ्याने बल्गेरियन कुटुंबाचे वर्णन ऐकताना हे तीन शब्द प्रथम पाठ करावेत. तसेच होकारासाठी मान आडवी हलविणे व नकारासाठी वर-खाली हलविणे ही तेथील पारंपरिक रीत असल्याने मानेवर विसंबून कोणताही व्यवहार ठरवू नये.

४. ऐकीव माहितीची क्रियारूपे : बल्गेरियन व्याकरणाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य हे होय. बोलणाऱ्याने घटना स्वतः पाहिली, की दुसऱ्याकडून ऐकली, हे तेथे क्रियापदाच्या रूपातूनच सांगितले जाते. 'तोय दोय्दे' म्हणजे तो आला व ते मी जाणतो. 'तोय ए दोशल' म्हणजे तो आलेला आहे. 'तोय दोशल' म्हणजे तो आला म्हणे. इंग्रजीत यांपैकी पहिले व तिसरे वाक्य एकाच साध्या भूतकाळात सहज मिसळून जाते. मराठी भाषकाला मात्र 'म्हणे' हा शब्द बालपणापासून परिचित असतो. फरक इतकाच, की मराठीत हे काम एका अव्ययासारख्या शब्दाने होते आणि बल्गेरियनमध्ये त्यासाठी पुरुष, वचन व काळ यांप्रमाणे चालणारी संपूर्ण रूपावली आहे. बल्गेरियन लोककथांचा ठरलेला प्रारंभही याच रूपात होतो. सांगणारा जणू आरंभीच कबूल करतो, की हे मी पाहिलेले नाही.

अवघड वाटणारे घटक :

१. निश्चितता दर्शविणारा प्रत्यय : बल्गेरियनमध्ये ठरावीक वस्तूचा निर्देश करण्यासाठी नामाच्या शेवटी प्रत्यय लागतो. 'स्रेब्रो' म्हणजे चांदी, 'स्रेब्रोतो' म्हणजे ती विशिष्ट चांदी. 'ग्रिव्ना' म्हणजे कांकण, 'ग्रिव्नाता' म्हणजे ते ठरावीक कांकण. 'पाझार'चे 'पाझारत' होते. नामाला मागून काही जोडण्याची सवय मराठी भाषकाला आहे, परंतु या अर्थाचा प्रत्यय मराठीत नसल्याने तो कोठे लावावा व कोठे लावू नये हे वाचनानेच साधते.

२. विभक्तींचा अभाव : रशियन, पोलिश, चेक या भाषांत नामाच्या विभक्ती मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत. बल्गेरियनने त्या जवळजवळ सोडून दिल्या. मराठीत आपण 'आईचे कांकण' म्हणतो, तर बल्गेरियनमध्ये 'कांकण ना आई' अशी रचना होते. तेच 'ना' हे शब्दयोगी 'आईला' या अर्थीही येते. सामान्यरूपाची सवय असलेल्या विद्यार्थ्याला शब्दयोगी नामाच्या पुढे ठेवण्याचा सराव करावा लागतो.

३. क्रियापदांच्या जोड्या : अपूर्ण व पूर्ण क्रियेसाठी वेगवेगळी क्रियापदे असतात. 'प्रावेह ग्रिव्ना' म्हणजे मी कांकण घडवीत होतो. 'नाप्राविह ग्रिव्ना' म्हणजे मी कांकण घडवून पुरे केले. मराठीतील 'लिहिणे' व 'लिहून काढणे' यांतील भेद येथे आरंभी मार्गदर्शक ठरतो, पण दोन्ही व्यवस्था तंतोतंत जुळत नाहीत. पारंपरिक व्याकरणात बल्गेरियनचे नऊ काळ मानले जातात आणि विद्यार्थ्याचा अधिक वेळ क्रियापदावरच खर्च होतो. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी बल्गेरियनला सुमारे ४४ आठवडे, म्हणजे ११०० तासिका लागतात असे मानले आहे. हा हिशेब मराठी भाषकाचा नव्हे, तथापि परिश्रमाचा अंदाज यावरून बांधता येतो.

सीमाभागाचा अनुभव आणि बाल्कन प्रदेश :

नामामागे लागणारा प्रत्यय केवळ बल्गेरियनमध्ये नाही. वेगळ्या शाखांतील रुमानियन व अल्बेनियन या शेजारी भाषांतही तो आढळतो. शतकानुशतके एकत्र नांदलेल्या भाषांची व्याकरणे परस्परांसारखी होत जातात, याचे बाल्कन प्रदेश हे अभ्यासकांचे ठरलेले उदाहरण होय. मरी एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे असेच एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण हुपरीपासून दूर नाही. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन सांगली जिल्ह्यातील कुपवाडसंबंधी आहे. तेथील मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत शब्दास शब्द ठेवून रूपांतर करता येत असे. शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळे राहिले होते. हे संशोधन जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत बाल्कनच्या जोडीने शिकविले जाते. ज्या गोष्टीचा सिद्धान्त सोफियातील विद्यार्थी ग्रंथातून शिकतो, ती सीमाभागातील विद्यार्थी आठवडी बाजारात ऐकत असतो. या अनुभवाचे अभ्यासात रूपांतर करणे हे आपल्या महाविद्यालयांचे काम आहे.

अध्ययनाचे मार्ग :

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरासाठी उल्लेखिलेल्या परकीय भाषांत रशियन आहे, बल्गेरियन नाही. भारतात या भाषेच्या विद्यापीठीय अध्यापनाचे परिचित केंद्र म्हणजे दिल्ली विद्यापीठाचा स्लाव्हॉनिक अँड फिनो-उग्रियन स्टडीज विभाग. रशियनसोबत बल्गेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन, हंगेरियन या भाषांचे अध्यापन हे या विभागाचे वैशिष्ट्य राहिले आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला जवळची वाट रशियनमधून जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील परकीय भाषा विभागात, तसेच पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमधील विभागात रशियन शिकविली जाते. रशियनचा पाया असल्यास लिपी व बराच शब्दसंग्रह आधीच हाती येतो. त्यापुढील टप्प्यावर सोफिया विद्यापीठ व व्हेलिको तर्नोव्हो विद्यापीठ येथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी भरणारे उन्हाळी भाषावर्ग उपयुक्त ठरतात. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या सोफिया विद्यापीठात भारतविद्येचेही अध्यापन होते, हे आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. भारत व बल्गेरिया यांचे राजनैतिक संबंध १९५४ पासूनचे आहेत. रवींद्रनाथ टागोरांनी तर १९२६ मध्येच सोफियाला भेट दिली होती.

आणखी एक गट लक्षात घेतला पाहिजे. बल्गेरियातील वैद्यकीय विद्यापीठांत इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयही असतात. त्यांचे ग्रंथ इंग्रजीत असले तरी खाटेवरचा रुग्ण बल्गेरियन बोलतो. म्हणून तेथील अभ्यासक्रमात प्रारंभीच्या वर्षांत बल्गेरियनचा समावेश असतो. 'दुखते कोठे' हे रुग्णाच्या भाषेत विचारता न येणारा विद्यार्थी वैद्यकाचा अर्धाच अभ्यास करतो, हे वेगळे सांगावयास नको.

उपयुक्तता व मर्यादा :

केवळ बल्गेरियनच्या बळावर महाराष्ट्रात नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. ही भाषा अन्य विषयाच्या जोडीने घ्यावी. भाषाविज्ञान, अनुवाद, वैद्यक, पर्यटन, युरोपीय राजकारण अथवा व्यापार यांपैकी एखाद्या क्षेत्राला तिची जोड मिळाल्यास ती दुर्मीळ पात्रता ठरते. लहान भाषेचे अध्यापन नेहमीच मोजक्या विद्यार्थ्यांवर व एखाद्या अध्यापकावर अवलंबून असते. एका वर्षी प्रवेश झाले नाहीत तरी वर्ग संकटात येतो. म्हणून प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम त्या वर्षी चालू आहे का, याची खात्री करणे श्रेयस्कर ठरते.

खरा प्रश्न अनुवादाचा आहे. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला, २०२३ मध्ये गिओर्गी गोस्पोदिनोव्ह यांच्या बल्गेरियन कादंबरीला आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कानडी कथासंग्रहाला मिळाले. तिन्ही वेळा पारितोषिक अनुवादकांसह विभागून दिले गेले. हिंदी व कानडी वाचता येणारी माणसे आपल्या परिसरात पुष्कळ आहेत. बल्गेरियन ग्रंथ मात्र मराठीत आणावयाचा तर इंग्रजी अनुवाद समोर ठेवावा लागतो. तेथे 'आला' आणि 'आला म्हणे' यांतील भेद पहिल्याच पायरीवर गळून पडण्याचा संभव असतो. जी छटा मूळ भाषेत आहे व मराठीतही आहे, ती केवळ मधल्या भाषेमुळे हरवते. आईचे पैंजण आटवून पुन्हा तेवढ्याच वजनाचे पैंजण केले, तरी जुनी घडण परत येत नाही, हे हुपरीच्या कारागिराला ठाऊक असते. अनुवादाचेही तसेच आहे.

निष्कर्ष :

१. तीन लिंगे, 'च'चे दोन उच्चार, नातेवाचक शब्द व 'म्हणे'ची जाण या बाबतींत मराठी ही बल्गेरियनकडे जाणारी इंग्रजीपेक्षा जवळची वाट आहे.
२. प्रत्ययरूप निश्चितता, क्रियापदांच्या जोड्या व काळव्यवस्था यांसाठी दीर्घ परिश्रम अटळ आहेत.
३. कोल्हापूर परिसरातील विद्यार्थ्याने रशियनपासून आरंभ करून पुढे बल्गेरियनकडे वळणे हा व्यवहार्य क्रम होय.
४. सीमाभागातील बहुभाषिकता हे अभ्यासाचे साधन असून तिचा उपयोग अध्यापनात करून घेतला पाहिजे.
५. बल्गेरियनमधून थेट मराठीत अनुवाद करू शकणारे मोजके अभ्यासक घडले, तरी या अभ्यासाचे सार्थक होईल.

समारोप :

सुमारे ६५ लाख लोकांच्या देशाने आपली भाषा विद्यापीठात, शासनात आणि युरोपच्या व्यासपीठावर टिकविली. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या आठ कोटींहून अधिक होती आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा दर्जा आपल्या ग्रंथांचे वय सांगतो. भाषेचे सामर्थ्य मात्र ती जगातील किती भाषांशी मध्यस्थाविना बोलते, यावरूनही ठरते. बल्गेरियन शिकणारा एखादा विद्यार्थी हुपरीसारख्या गावातून निघाला, तर तो एका परक्या भाषेची पदविका मिळवील. त्याबरोबरच मराठीसाठी एक थेट मार्गही तयार करील.